ब्रेकची झीज, खिशाची झीज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



नवी मोटार दारात आली की आपल्याकडे पहिले काही दिवस सणासारखे जातात. कुणी नारळ फोडतं, कुणी चाकाखाली लिंबू ठेवतं, कुणी आरशाला आयतल कुर्सी लटकवतं. शेजारीपाजारी पेढा खाता खाता तीन प्रश्न हमखास विचारतात. केवढ्याला पडली? ॲव्हरेज किती देते? हप्ता किती बसतो? ही गाडी थांबते कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. थांबणं आपण गृहीतच धरलेलं असतं.

मग दोन-अडीच वर्षं जातात. सीटवरचं प्लास्टिकही काही घरांत अजून काढलेलं नसतं. एका सर्व्हिसिंगच्या दिवशी दुपारी फोन येतो, ‘ब्रेक गेलेत, बदलावे लागतील.’ पुढे एक आकडा सांगितला जातो. तो आकडा ऐकून घरातला प्रत्येक माणूस एकच शब्द उच्चारतो, ‘इतक्यात?’

आज मला या ‘इतक्यात?’बद्दल बोलायचं आहे. मी यंत्रशास्त्र शिकलेली नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. पण गाडी मी चालवते आणि तिचं बिलही मीच भरते. ज्या वस्तूवर आपला आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तिची निदान तोंडओळख तरी असावी, म्हणून मी जिथे तिथे विचारत गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करतो. शाळेत आपण शिकलो होतो की ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचं रूप बदलतं. धावत्या गाडीतली ऊर्जा ब्रेक दाबल्यावर कुठेतरी जायलाच हवी. ती घर्षणातून उष्णता होऊन चाकामागच्या लोखंडी चकतीत जाते आणि तिथून हवेत.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. माणसांसकट १२०० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगानं धावत असेल, तर तिच्यात सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा असते. तुमच्या स्वयंपाकघरातलं एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे हमरस्त्यावर आडवं आलेलं गुरू पाहून तुम्ही एकदा करकचून ब्रेक दाबलात, तर त्या चार-पाच सेकंदांत पाच-सहा कप चहाचं आधण चाकांपाशी तापलं असं समजा. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४० असता, तर ही उष्णता निम्मी नव्हे, पाव झाली असती. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं काम चौपट होतं. ब्रेकच्या खर्चाचं पहिलं गणित इथेच आहे. जो वेगात जातो आणि शेवटच्या क्षणी थांबतो, तो चौपटीचा पाढा म्हणत असतो.

घाटाचं गणित आणखी वेगळं. ५०० मीटर उंचीचा घाट हीच गाडी उतरली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही वारा खातो, काही टायर खातात. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच भार इंजिन उचलतं. पण न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर घाट उतरला, तर अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळेल एवढ्या उष्णतेतला मोठा वाटा त्या छोट्याशा पॅडांवर येऊन पडतो.

आता इतकी उष्णता सोसायची, तर काहीतरी झिजणारच. ब्रेक बनवताना सुरुवातीपासून एक शहाणपण वापरलं गेलं. झिजायचंच असेल तर स्वस्त आणि सहज बदलता येणारी वस्तू झिजावी, महागाची वस्तू वाचावी. या शहाणपणामागे एका बाईची गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते.

१८८८ सालचा ऑगस्ट महिना. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटार तयार केली होती, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती तीनचाकी मोटार बाहेर काढतात आणि मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघतात. अंतर शंभरेक किलोमीटर. मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून इतिहासात याची नोंद आहे. त्या गाडीच्या ब्रेकला लाकडी ठोकळे होते. उतारांवर ते झिजायला लागले. तेव्हा बर्थाबाईंनी वाटेतल्या एका गावात चक्क मोची गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामडं झिजेल, ठोकळा वाचेल. ब्रेक लायनिंगची सुरुवात म्हणून ही हकीकत सांगितली जाते. आजही मागच्या चाकातल्या ब्रेकच्या भागाला ‘शू’ म्हणतात हे ऐकलं की मला तो मोची आठवतो.

आज चामड्याच्या जागी खास मिश्रणाचे पॅड आले. काम मात्र तेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात आणि मागच्या चाकांना ड्रम. पुढे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड असतात, आणि ही चिमटी आवळणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. मागे बंद डब्यासारखा ड्रम असतो. त्याच्या आतल्या बाजूला दोन शू टेकतात. गॅरेजात त्यांना लायनर म्हणतात.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. एसटीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात, आणि पुढचे पॅड आधी झिजतात. मागचे लायनर पुष्कळ जास्त टिकतात. ‘पुढचे गेलेत, मग मागचेही बदलून टाका,’ असं कुणी म्हणालं, तर त्याला कारण विचारायला हरकत नाही.

नव्या पॅडवर झिजणारा थर साधारण १० ते १२ मिलीमीटर जाड असतो. तो ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली, असं ढोबळमानानं धरतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हा थर किती किलोमीटर पुरेल, याचं एकच उत्तर नाही. पुष्कळ गाड्यांत तो ३० ते ५० हजार किलोमीटर जातो. पण दर दोनशे मीटरला सिग्नल असलेल्या शहरात तो २० हजारांतही संपू शकतो, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर अंतर राखून चालवणाऱ्याचा ६० हजारही टिकतो. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही. पॅडला गाडीचं वय कळत नाही. आपण किती वेळा, किती वेगातून आणि किती उतारावर थांबलो, तेवढंच त्याला कळतं. ‘इतक्यात?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून अनेकदा ‘हो, इतक्यात’ असंच असतं.

अनेकदा, पण दर वेळी नाही. इथे मला माझ्याच गाडीचा अनुभव सांगावा लागेल.

माझी गाडी लहान आहे. दोन वर्षं चार महिने झाले होते आणि २६ हजार किलोमीटर. आम्ही घाटमाथ्यावर राहतो आणि माझी बहीण चिपळूणला असते, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि दुपारी फोन आला. पुढचे पॅड गेलेत, दोन्ही डिस्कही बदलायला हव्यात. पॅड २४०० रुपये, डिस्कची जोडी ५६००, मजुरी १८००, ब्रेक ऑइल ९००, मागच्या ब्रेकची सफाई ७५० आणि ‘ब्रेक ट्रीटमेंट’ नावाचं काहीतरी ८५०. एकूण १२ हजार ३००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४ हजार ५१४. फोनवरचा मुलगा अदबीनं बोलत होता. पुढे म्हणाला, “मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे. हवं तर घरी सरांशी बोलून घ्या आणि सांगा.”

सरांशी बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. गाडी माझ्या नावावर आहे. मी म्हटलं, “काम थांबवा, मी येते. चाकं काढून ठेवा, मला बघायचं आहे.”

‘सेफ्टी’ हा शब्द मोठा जड आहे. तो उच्चारला की समोरचा माणूस गप्प होतो. मुलंबाळं गाडीत बसतात, ब्रेकच्या बाबतीत कोण घासाघीस करणार? याच भीतीपोटी आपण सही करून मोकळे होतो. मी जाताना आमच्या मोहल्ल्यातल्या उस्तादांना बरोबर घेतलं. गॅरेजात मुख्य मिस्त्रीला उस्तादच म्हणतात, आणि आमच्या शायरीतही शिष्याच्या ओळी तपासून दुरुस्त करणाऱ्याला उस्तादच म्हणतात. दोन्हीकडचे चांगले उस्ताद एकसारखे असतात. सगळं खोडून नव्यानं लिहायला ते सांगत नाहीत. नेमका बिघडलेला शब्द दाखवतात.

उस्तादांनी तिथल्याच माणसाकडून व्हर्निअर मागून घेतला. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड ६ मिलीमीटर भरले. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅडही ६. आणि डाव्या चाकाचा आतला पॅड अडीच. मग डिस्क मोजली. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. माझ्या गाडीला ती १८ मिलीमीटर होती. नवी डिस्क २० ची. माझी भरली १९.२. हाताला नख अडेल अशी खोल चरी कुठे नव्हती.

“आपा,” उस्ताद म्हणाले, “चारांतला एकच पॅड का गेला, ते आधी बघू.”

कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतली एक पिन अडकलेली होती. तिच्यावरचं रबरी आवरण फाटलं होतं, पावसाळ्यात आत पाणी आणि चिखल गेला होता, ग्रीस सुकलं होतं. त्यामुळे ब्रेक सोडला तरी तो आतला पॅड पुरता मोकळा होत नव्हता. दिवसभर डिस्कला घासत राहायचा. घाट उतरून आल्यावर डावं चाक जरा जास्त तापतं, असं मला मागच्या दोन खेपांना वाटलं होतं आणि गाडी देताना तसं मी सांगितलंही होतं. त्याचा उलगडा झाला.

शेवटी काम झालं ते असं. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, कारण ते नेहमी जोडीनंच बदलतात. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढू शकते. ब्रेक ऑइल बदललं, कारण दोन वर्षं उलटून गेली होती. पिना साफ करून, नवं आवरण घालून, त्यासाठीचं खास ग्रीस लावलं. पॅड २४००, ऑइल ९००, हे काम आणि मजुरी मिळून १०००. करासह ५ हजार ७४ रुपये. डिस्क त्याच राहिल्या.

९ हजार ४४० रुपये वाचले, हे मी सांगणारच. महिन्याच्या किराण्याचा खर्च आहे तो. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. मी फोनवर होकार दिला असता, तर चौदा हजार गेले असते, चकचकीत डिस्क आणि नवे पॅड आले असते, आणि ती अडकलेली पिन कदाचित तशीच राहिली असती. त्या अंदाजपत्रकात पिनेचा उल्लेखच नव्हता. पुढच्या वर्षी नवा पॅड पुन्हा गेला असता. एखाद्या घाटात डावं चाक नको तितकं तापलं असतं. म्हणजे सेफ्टीच्या नावानं सगळं बदललं गेलं असतं आणि धोका तेवढा शिल्लक राहिला असता.

त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याच्या हातात तयार यादी असते, बहुधा महिन्याचं उद्दिष्टही असतं. ‘पॅड कमी’ एवढं दिसलं की संगणकावर पुढचं सगळं आपोआप जोडलं जात असावं. पण त्या यादीपुढे आपण मुकाट राहायचं कारण नाही.

यादी वाचताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाडीची वॉरंटी असली तरी ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू सहसा तिच्यात येत नाहीत. त्यावरून भांडण्यात वेळ जातो. मात्र पिन अडकणं किंवा कॅलिपर गळणं ही झीज आहे की दोष, हे वॉरंटीच्या काळात जरूर विचारावं. मी विचारलं. फाटलेलं रबर वॉरंटीत बसत नाही असं उत्तर मिळालं, पण ते मी लेखी घेतलं.

कराचंही पाहावं. पूर्वी ब्रेकच्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर तो १८ टक्के झाला. मजुरीवरही १८ टक्केच आहे. जुने दरपत्रक दाखवून कुणी जास्त कर लावत असेल, तर बिलावर बोट ठेवून विचारा.

पुस्तिकेत नसलेली कामंही यादीत असतात. कसली ट्रीटमेंट, कसलं कोटिंग, कसलं फ्लशिंग. त्यांतलं काही उपयोगी असेलही. पण गाडी बनवणाऱ्यानं दिलेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं याचा तक्ता असतो. जे त्या तक्त्यात नाही, ते का करायचं हे सांगण्याची जबाबदारी सुचवणाऱ्याची आहे. आणि बदललेला जुना भाग पाहायला मागा. पैसे आपण दिलेले असतात, तो भाग आपला असतो.

बाहेरच्या गॅरेजात जावं का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. या प्रश्नाला आपल्या देशात एक मोठा संदर्भ आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणानं मिळत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक एकाच दाराशी बांधलं जातं, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं. पण एक गोष्ट त्यातून सगळ्यांसमोर आली. गाडी विकताना जो व्यवहार होतो, तो तिथेच संपत नाही. तो पुढची दहा वर्षं बिलांमधून चालू राहतो. वॉरंटी चालू असेपर्यंत तिच्या अटी वाचून निर्णय घ्यावा. ती संपल्यावर जाणता मिस्त्री आणि अस्सल सुटे भाग मिळत असतील, तर बाहेर जाण्यात काही वावगं नाही. आणि फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. एकदा फसवल्याची भावना झाली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. ‘ते सगळे लुटतात, काही बदलायची गरज नाही,’ असं म्हणून तो खरोखर संपलेले पॅडही चालवत राहतो. हे पहिल्यापेक्षा जास्त वाईट. पॅडचा थर संपला की मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते. मग डिस्क चरते, आणि जे काम अडीच हजारांत झालं असतं ते खरोखरच दहा हजारांवर जातं. तेही घाटात काही झालं नाही तर.

पॅड संपत आला की अनेक गाड्यांत एक छोटी पट्टी डिस्कला टेकते आणि बारीक किर्र आवाज येतो. ती सूचना असते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना जी खरखर होते, ती वेगळी. ती डिस्कवर रातोरात धरलेल्या गंजाची असते आणि लगेच जाते. रोज, सतत आवाज येत असेल, ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढत असेल, हलक्या ब्रेकलाही पेडल पायाखाली धडधडत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते नावालाच ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. पेडल सरळ खाली जातं. पॅड नवे, डिस्क नव्या, एबीएस बसवलेलं, तरी गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक उत्पादक ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात तर विशेष, हे ९०० रुपये वाचवू नयेत.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्यांना एक सांगते. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन जवळजवळ इंधन घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे त्यात बचतही नाही आणि सुरक्षाही नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम आजही खरा आहे.

आणखी एक गोष्ट, जी बिलावर कधीच लिहिलेली नसते. झिजलेला पॅड जातो कुठे? त्याची धूळ होते. चाकावर काळी बसते ती, आणि उरलेली हवेत. विसाव्या शतकात बराच काळ ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो हे आता सर्वमान्य आहे. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून बंदी आहे. आपल्याकडे सरसकट बंदी नाही. म्हणून स्वस्तातले, बिननावाचे पॅड घेऊ नयेत आणि वेष्टनावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ लिहिलेलं पाहून घ्यावं. गॅरेजात चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं ड्रम उघडून हवेच्या पाइपनं धूळ उडवताना मी पाहिलं आहे. धूळ सगळी त्याच्या तोंडावर. आमचे उस्ताद आता ओल्या फडक्यानं आणि ब्रेक क्लीनरनं पुसायला लावतात. आपणही गिऱ्हाईक म्हणून तसं सांगावं. त्याचे जास्तीचे पैसे पडत नाहीत.

जगही आता या धुळीकडे पाहू लागलं आहे. युरोपीय संघानं २०२४ मध्ये संमत केलेल्या ‘युरो ७’ नियमांत धुराड्याबरोबरच ब्रेकच्या धुळीवरही पहिल्यांदा मर्यादा घातली. पेट्रोल-डिझेलच्या मोटारींसाठी ती किलोमीटरला ७ मिलीग्रॅम आहे, आणि विजेच्या मोटारींसाठी त्याहून कमी. कारण विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटरच उलटी जनित्रासारखी चालते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. तिथे पॅड बरेच कमी झिजतात.

मराठीत आपण झिजण्याला मान देतो. कुणी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कष्ट केले की तो चंदनासारखा झिजला असं म्हणतो. ब्रेक पॅडलाही तो मान द्यायला माझी हरकत नाही. फक्त चंदनाचं खोड मोजायची सोय नसते, पॅड मोजता येतो. म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या सर्व्हिसिंगला चाक काढायला सांगा आणि चारही पॅड किती मिलीमीटर उरले आहेत ते विचारा. तारीख, किलोमीटर आणि ते चार आकडे गाडीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दोन सर्व्हिसिंगचे आकडे शेजारी आले की कुठला पॅड जास्त झिजतो आहे आणि अजून किती दिवस जातील, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. मग फोन आला, तर घाबरून हो म्हणावं लागणार नाही आणि रागानं नाही म्हणावं लागणार नाही.

आणि फोनवरचा मुलगा ‘घरी विचारून सांगा’ म्हणाला, तर भगिनींनो, त्याला तो आकडा वाचून दाखवा.